कळंबोलीचा ड्रायर आणि अप्पांची खुर्ची

आधीच सांगते, या सदरातले निम्मे अनुभव वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न येतो — अहो, वायरिंग तपासलं का? दिवे आपोआप लागले, दार आपोआप उघडलं, नळ आपोआप सुरू झाला… प्रत्येक ठिकाणी मला लूज कनेक्शन नाहीतर झिजलेला वॉशर दिसतो. मी इन्स्ट्रुमेंटेशनवाली बाई आहे. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत बावीस वर्षं बर्नर, व्हॉल्व्ह आणि फ्लेम सेन्सर यांच्यात घालवली. ज्योत का पेटते आणि का विझते, हे शोधायचाच मला पगार मिळतो. त्यामुळे असल्या गोष्टींशी माझं कधी जमलं नाही, आजही जमत नाही. पण गेल्या पावसाळ्यात माझ्याच घरात, माझ्याच हाताने दुरुस्त केलेल्या मशीनने मला जो ताप दिला, त्याचं उत्तर अजून सापडत नाहीये. वाचून कोणाच्या अंगावर काटा वगैरे येणार नाही. माझं डोकं मात्र पार उठलंय.

तर जागा — सानपाडा. स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, सात मजली जुनी सोसायटी, आमचा पाचवा मजला. घरात मी, घरूनच ऑफिसचं काम करणारा माझा नवरा प्रसाद आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो, वय एक्याऐंशी. मुलगी पुण्याला शिकते. किचनला लागून एक ड्राय बाल्कनी आहे, चार फूट बाय आठ. बिल्डरने तिला ड्राय का म्हटलं ते त्यालाच ठाऊक. जून ते सप्टेंबर तिथे रुमालसुद्धा वाळत नाही.

एरवी आम्ही ते चालवून घेतलं असतं. पण अप्पांचं दोनेक वर्षांपासून विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग माणसांची नावं, आणि मग बाथरूमला कधी जायचं ते. दिवसाला तीन-चार चादरी, तेवढेच पायजमे. डायपर लावला की काढून फेकायचे, आणि फेकायचे तेही बरोबर देवघरासमोर. कामवाल्या मावशींनी "वहिनी, माझ्याच्यानं होणार नाय" म्हणून हात वर केले. राहता राहिले कोण? मी. सकाळी साडेसातची कंपनीची बस, त्याआधी चादरींचं मशीन, आल्यावर परत चादरींचं मशीन. आणि वाळत घालायला दोऱ्या कुठेत? हॉलमध्ये, बेडरूममध्ये, पंख्याखाली, दाराच्या कडीला… घरभर तो एक कुबट वास. पाहुणे आले की मी उदबत्ती लावायचे आणि स्वतःवरच चिडायचे.

एक दिवस माझ्या कपाटातून वास यायला लागला. बघते तर साड्यांच्या खाली ओली चादर, नीट चौकोनी घडी घातलेली. अप्पांनी लपवून ठेवली होती. मी आठ दिवसांचा राग एका दमात काढला. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, मला आवडणार नाही. अप्पा दाराला धरून उभे होते. माझं झाल्यावर एवढंच म्हणाले, "वाळेल गं ती."

माझी नणंद, सुलभाताई, खारघरला राहतात. प्रसादपेक्षा मोठ्या, निर्णय पटकन घेणाऱ्या. त्यांनी पनवेलच्या पुढे एक केअर सेंटर पाहून ठेवलं होतं. स्वच्छ, नर्स, डॉक्टर, सगळं. म्हणाल्या, "एक बेड रिकामा आहे. गणपतीपर्यंत धरून ठेवतो म्हणालेत. तुम्ही दोघं ठरवा, पण लवकर ठरवा." प्रसाद अशा वेळी फोनमध्ये बघतो, तसा बघत बसला. मी "बघू" म्हटलं. माझ्या "बघू"चा अर्थ घरात सगळ्यांना कळतो. तो "हो" असा होता. खोटं कशाला बोलू.

आणि त्याच आठवड्यात तो ड्रायर भेटला.

कंपनीच्या कामाला कळंबोलीला गेले होते, स्टीलच्या पाइपचं मटेरियल बघायला. पाइपवाल्याच्या शेजारी एक भंगारवाला आहे. त्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी पांढरं चमकलं. बघितलं तर कपडे वाळवायचं मशीन, अमेरिकन, साठेक वर्षांपूर्वीचं, आणि तेही गॅसवर चालणारं. कुठल्यातरी परदेशी कंपनीचं गेस्ट हाउस पाडलं त्यातून आलेलं. जाड पत्रा, त्यावर पांढरं इनॅमल, वर क्रोमची पट्टी आणि रेडिओला असते तशी मोठी गोल चकती. मी दार उघडलं, आतला ड्रम हाताने फिरवला… इतकी वर्षं पडून होता, तरी अर्धा फेरा फिरला. भंगारवाला म्हणाला, "मॅडम, ये चीज अब बनता नहीं. ले जाओ, नहीं तो कल कटेगा." झालं. माझा पाघळायचा क्षण तो.

"नवीन इलेक्ट्रिक ड्रायर मिळतो," प्रसाद म्हणाला. हो, मिळतो. दुसऱ्या दिवशी घरपोच मिळतो. मी त्याला घरातलं जुनं वायरिंग, वाढीव लोड, लाइटचं बिल अशी कारणं सांगितली. खरं कारण हे की मला ते मशीन उघडून बघायचं होतं. दिवसभर चादरी धुणाऱ्या बाईला एखादी गोष्ट स्वतःसाठी करावीशी वाटते, एवढंच. चार माणसांनी ते पाचव्या मजल्यावर चढवलं, कारण लिफ्टमध्ये मावेना. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी घेतलं की जिन्याची फरशी फुटली तर जबाबदार आम्ही.

सहा वीकेंड गेले. मोटर अमेरिकन व्होल्टेजची, ती काढून आपली बसवली, त्यासाठी पुली बदलली. पट्टा तुर्भ्यातून करून आणला. ड्रमच्या मागच्या लोकरी फेल्टच्या पट्टीची झालेली जाळी काढून नवीन फेल्ट चिकटवलं. गंज घासून घासून माझ्या नखांचा रंग बदलला. गरम हवा बाहेर जायला पत्र्याचा डक्ट ग्रिलमधून काढला. पाइप गॅसचं कनेक्शन मात्र लायसनवाल्या फिटरकडूनच करून घेतलं, त्यात मी हुशारी करत नाही. प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही.

आणि मग पायलटने छळायला सुरुवात केली.

समजेल असं सांगते. या मशीनमध्ये मोठा बर्नर असतो आणि त्याला पेटवायला शेजारी एक छोटी ज्योत सतत जळत असते, तिला पायलट म्हणतात. त्या ज्योतीत एक धातूची काडी असते. काडी गरम असेल तरच गॅस चालू राहतो, ज्योत गेली की काडी थंड होते आणि गॅस आपोआप बंद. साधी, सुरक्षित, गाढवालाही कळेल अशी व्यवस्था. पायलट पेटवायचा, एक मिनिट बटण दाबून धरायचं, सोडायचं. सोडल्यावर ज्योत राहिली पाहिजे. माझी राहत नव्हती. पस्तीस-चाळीस सेकंद, आणि फुस्स.

काडी नवीन टाकली. मीटर लावून बघितलं, उत्तम. गॅसचं प्रेशर बरोबर. जेट, म्हणजे गॅस सुटतो ते बारीक भोक, पिन घालून साफ केलं. व्हॉल्व्ह खोलून, धुऊन, परत बसवला. फुस्स. तीन रविवार मी त्या मशीनसमोर मांडी घालून बसले होते आणि घरभर ओल्या चादरी लटकत होत्या. प्रसादने एकदा विचारलं, "आज जेवायचं बाहेरून मागवू?" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने न विचारता मागवलं.

त्या तिसऱ्या रविवारी दुपारी अप्पा माझ्या पायात पायात करत होते. दोनदा टूलबॉक्सला अडखळले. एकदा साबणाच्या पाण्याची वाटी चहा समजून उचलली. मी प्लास्टिकची खुर्ची बाल्कनीत आणली, त्यांना बसवलं आणि त्यांना गुंतवायला म्हणून म्हटलं, "अप्पा, हा छोटा दिवा दिसतोय ना खाली? तो विझू द्यायचा नाही. तुम्ही बघा जरा." एवढंच. लहान मुलाला कामाला लावतात तसं.

चहा करून आले तर ज्योत जळत होती. दहा मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघितलं, परत ज्योत बघितली. चकती फिरवली, ड्रम फिरला, बर्नरने भप्पकन निळी आग धरली… आणि चाळीस मिनिटांनी दोन चादरी बाहेर काढल्या त्या कोरड्या, गरम. मी त्यात तोंड खुपसलं. लाज वाटत नाही सांगायला, मी रडले.

मग अप्पा बाथरूमला जायला उठले, आणि ज्योत विझली.

पहिल्यांदा कोण लक्ष देतं? मी परत पेटवली, राहिली नाही. अप्पा येऊन बसले, पेटवली, राहिली. संध्याकाळपर्यंत हे चार वेळा झालं आणि पुढच्या दोन दिवसांत किमान दहा वेळा. तेव्हा मी वही काढली. कंपनीत फॉल्ट शोधताना करतो तसंच केलं. वेळ, किती सेकंद टिकली, खुर्चीत कोण, खिडकी उघडी की बंद.

तुम्ही आत्ता जे म्हणताय ते मीही म्हटलं — वारा. अप्पा बसतात तिथून झोत येत असणार, ते मध्ये बसले की अडत असणार. म्हणून खुर्चीवर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, अप्पांच्या उंचीचं. फुस्स. खिडक्या बंद करून, चादर लावून बघितलं. फुस्स. मग वाटलं, वजन. खुर्चीखालची फरशी दबून पाइपवर काही होत असेल. अप्पा बावन्न किलोचे. तांदळाची पन्नास किलोची गोणी खुर्चीत बसवली. फुस्स. मी स्वतः बसले. फुस्स. शेवटी प्रसादला अप्पांचा अर्धा स्वेटर आणि कानटोपी घालून बसवलं. ऑगस्टमध्ये. तो बिचारा पेपर वाचत बसला, छत्तिसाव्या सेकंदाला ज्योत गेली. "मला घेतलं नाही वाटतं नोकरीवर," म्हणाला.

अप्पा किचनच्या दारात बसले तर नाही. हॉलमध्ये तर नाहीच. बाल्कनीत, खुर्चीत, ज्योतीकडे तोंड करून — मग तासन्‌तास.

आणि वर शिव्या मलाच. अप्पांना बाथरूमला जायचं असलं की हाक मारायचे, "मीनल, इथे कोणीतरी बसा, मी जाऊन येतो." मी बसायचे. ते परत यायच्या आत ज्योत गेलेली असायची. ते वाकून बघायचे आणि म्हणायचे, "तुझं लक्ष नसतं." बावीस वर्षं बर्नर सांभाळणाऱ्या बाईला! एकदा मी चिडून म्हटलं, "अप्पा, रात्री नऊला मी गॅसचा कॉकच बंद करते, दिवा विझवते, तेव्हा काय होतं?" तर म्हणाले, "विझवते म्हणू नये. शांत करते म्हणावं." नातीचं नाव आठवत नव्हतं त्यांना त्या दिवसांत, हे मात्र आठवत होतं.

शेवटी मी शेखभाईंना बोलावलं. आमच्याकडचे बॉयलर ऑपरेटर, उरणचे, माझ्याहून दहा वर्षं सीनियर. आगीतलं त्यांना जेवढं कळतं तेवढं मला कळत नाही. रविवारी आपली मीटरची पेटी घेऊन आले. तीन तास तपासलं. अप्पांना उठवलं, बसवलं, परत उठवलं. मग हात पुसत म्हणाले, "मॅडम, तुमचा सगळा बरोबर हाय. मीटरला काय विचारता, म्हाताऱ्याला विचारा."

म्हटलं, हेही करून बघू. विचारलं, "अप्पा, हा दिवा तुमच्यासमोरच का राहतो?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी अगदीच साधं काहीतरी विचारल्यासारखं. "दिव्याला माणूस लागतं. एकटा सोडला की जातो. त्यात काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं, निदान अप्पांपुरतं. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं. घरात नवरात्रात घट बसतो, नऊ दिवस अखंड दिवा. तो सांभाळायचं काम कायम अप्पांचं. पाटबंधारे खात्यात कारकून होते, दरवर्षी त्या नऊ दिवसांची रजा ठरलेली. दिव्याशेजारी चटई टाकून झोपायचे, वात सरकवायची, तेल घालायचं, आणि उठायचं झालं तर आधी कोणालातरी बसवून मगच उठायचं. सासूबाई गेल्या त्या वर्षीही त्यांनी तो नेम मोडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांचा डोळा लागला, तेल सांडलं, खालचं कापड थोडं जळलं. मी घाबरले आणि वाशीच्या मार्केटमधून प्लगचा इलेक्ट्रिक दिवा आणून लावला. लाल बल्ब, ज्योत हलल्यासारखी दिसते तो. त्या नवरात्रात अप्पा घरभर नुसते फिरत होते, बसायला जागा नसलेल्या माणसासारखे. विसरणं वाढलं ते त्यानंतरच. मी त्याचा संबंध लावत नाही. लावला तर मला झोप लागायची नाही.

पण हे झालं अप्पांचं. ते का बसतात ते कळलं. ज्योत का राहते ते कुठे कळलं? गॅसला नवरात्र माहीत नाही हो.

आता गंमत बघा. अप्पा बाथरूमला जाताना हाक मारायला लागले म्हणजे वेळेवर जायला लागले. दिवसभर जागे बसायचे म्हणून रात्री गाढ झोपायचे, आणि झोपायच्या आधी प्रसाद त्यांना नेऊन आणायचा. तीन-चार चादरींच्या जागी आठवड्याला दोन-तीन. डॉक्टर म्हणाले, असं होतं, हाताला काम आणि दिवसाला रूटीन मिळालं की सुधारतं. छान. म्हणजे मी सहा वीकेंड, दहा नखं आणि कंबर घालवून ड्रायर उभा केला चादरी वाळवायला, आणि ड्रायर चालू झाला तर वाळवायला चादरीच नाहीत. सांगा, हसू की रडू?

सुलभाताई गणपतीच्या दहा-बारा दिवस आधी आल्या. बाल्कनीत बघितलं आणि ताडकन मागे वळल्या. "मीनल, तू त्यांना गॅसपाशी बसवलंयस?" मी सगळं सांगायला गेले. वही दाखवली. त्यांनी चार पानं उलटली आणि वही माझ्या हातात परत दिली, अगदी सावकाश. मला कळलं त्यांना काय वाटतंय. आता सुनेचंही सुरू झालं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तू दमली आहेस. मला दिसतंय. दोन दिवस नेते त्यांना सेंटरवर. शनिवार-रविवार. जमलं तर ठीक, नाहीतर परत आणते. काय प्रसाद?"

प्रसादने माझ्याकडे बघितलं. आणि मी नाही म्हणू शकले नाही. काय कारण देणार होते? ते गेले की माझी ज्योत विझते म्हणून?

शनिवारी सकाळी अप्पा चप्पल घालून दारात उभे राहिले. मला म्हणाले, "मी येईपर्यंत बस." मी हो म्हटलं. लिफ्टचं दार लागायच्या आत पायलट गेला होता.

ते दोन दिवस घर इतकं नीटनेटकं होतं की बघवत नव्हतं. वास नाही, हाका नाहीत, दोऱ्या रिकाम्या. हेच तर हवं होतं ना मला? रविवारी सकाळी प्रसाद म्हणाला, "पिक्चरला जायचं?" मी म्हटलं, तू जा. आणि मी वही घेऊन त्या खुर्चीत बसले. पेटव, एक मिनिट धर, सोड. अडतीस सेकंद. पेटव, धर, सोड. एकेचाळीस सेकंद. मला त्या मशीनचा, सुलभाताईंचा, प्रसादच्या पिक्चरचा, सगळ्यांचा संताप येत होता आणि सर्वांत जास्त माझा. कारण मला ज्योतीचं काही पडलं नव्हतं. मला अप्पा घरात हवे होते, आणि ते कबूल करायला मला एक बिघडलेलं मशीन लागत होतं.

वहीत त्या दिवशीच्या सव्वीस नोंदी आहेत, सगळ्या चाळिशीच्या आसपास. सत्ताविसावी चार वाजून आठ मिनिटांनी पेटवली, चार वाजून नऊ मिनिटांनी बटण सोडलं. चाळीस सेकंद झाले. मिनिट झालं. दोन झाली. ज्योत सरळ, निळी, जराही न हलता उभी.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की चला, सुटलं. व्हॉल्व्हमध्ये कचरा होता, तो निघाला. अप्पांशी काही संबंध नव्हता, आता ते नसले तरी चालेल. आणि हे मनात आल्याबरोबर इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू…

फोन वाजला म्हणून हातात घेतला. गेटवरचा वॉचमन होता. "मॅडम, वरती पाठवलंय, मोबाइलवर विचारलं तुम्हाला, तुम्ही बघितलं नाय." सोसायटीच्या गेटचं ॲप उघडलं. गाडी आत आल्याची नोंद, सुलभाताईंचं नाव. वेळ — चार वाजून नऊ मिनिटं.

त्या येणार हे मला माहीत नव्हतं. त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

दार उघडलं तर अप्पा पुढे, अंगाभोवती शाल, पायजमा ओला. सुलभाताई मागे, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. "कालपासून उभे आहेत ते," म्हणाल्या. "बसायलाच तयार नाहीत. जेवले नाहीत. नुसतं दिवा, दिवा. त्या लोकांनी इंजेक्शन देऊ का विचारलं… मला नाही बघवलं गं." आणि माझ्या किचनच्या ओट्याला टेकून त्या रडायला लागल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

अप्पा कोणाकडे न बघता बाल्कनीत गेले. वाकले, बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आज लक्ष होतं तुझं." आणि बसले.

सुलभाताईंनी दाराआडून ती ज्योत बघितली. पाच मिनिटांनी मी अप्पांना आंघोळीला उठवलं, आणि आमच्या दोघींच्या डोळ्यांसमोर ती विझली.  जाताना सुलभाताईंनी सेंटरवाल्यांना फोन केला, बेड दुसऱ्या कोणाला द्या म्हणून.

आता म्हणा, योगायोग. मीही म्हणते, दिवसातून दोनदा म्हणते. सत्तावीस वेळा पेटवलं तर एखादी राहणारच. पण मग राहणारी एक त्याच मिनिटाला का, आणि त्यानंतर आजपर्यंत अप्पांशिवाय एकही का नाही? वाऱ्याचं, प्रेशरचं, काडीचं, व्हॉल्व्हचं सगळं करून झालंय, कृपा करून तेच परत सुचवू नका. दुसरं काही सुचलं तर जरूर सांगा. मी वहीतली पानं टाइप करून देईन.

एक मात्र लिहायलाच हवं. गेल्या महिन्यात शेखभाईंनी कुठल्यातरी बेकरीच्या ओव्हनचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट आणून दिलं. आमच्या व्हॉल्व्हला बरोबर बसतं, मी मापं घेऊन बघितली. ते बसवलं की पायलट लागतच नाही, बटण दाबलं की ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. तासाभराचं काम आहे. प्रसाद दर रविवारी विचारतो, कधी बसवतेस. मी म्हणते, बघू.

काल अप्पांना त्या किटचं खोकं फ्रिजवर दिसलं. हातात घेऊन उलटसुलट केलं आणि मला विचारलं, "याने काय होतं?"

म्हटलं, "काही नाही अप्पा. चुकीचा पार्ट आलाय. परत करायचाय."